यंत्राच्या कानात कापूस

हे सांगितल्याशिवाय मले चैन पडणार नाही, म्हणून घाईघाईत टाइप करून राहिली आहे. चुका झाल्या तर सांभाळून घ्या!

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी एक प्रोजेक्ट घेतला होता. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर दिवसभरात किती अतिनील किरण पडतात आणि कानावर किती आवाज आदळतो, ते मोजायचं. यंत्रं दोनच. एक बटणाएवढा बिल्ला, खांद्यावर लावायचा, तो उन्हातले अतिनील किरण मोजते. दुसरं आवाजाचं. डबी कमरेले, आणि तिच्या वायरच्या टोकाले स्पंजचा छोटा गोळा, आत माइक, तो कॉलरले कानाजवळ. शनिवारी दोन्ही कॉलेजात परत द्यायची होती, कारण सोमवारपासून दुसऱ्या बॅचचा नंबर.

अमरावतीत राजापेठेतली सगळी मोजणी झाली होती. राहिला होता एकच माणूस, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. अकोल्यात आमच्या घराजवळ कूलर बनवणारे एक चाचा आहेत. एप्रिल लागला की फुटपाथवर बसून दिवसभर टिनाचे पत्रे ठोकतात. डोक्यावर ऊन, हातात हातोडा. ऊन आणि आवाज दोन्ही एकाच जागी! प्रोजेक्टच्या मॅडमनं साफ सांगितलं होतं, "तो माणूस नसेल तर तुझा प्रोजेक्ट अर्धा."

गुरुवारी सकाळी मी चाचाले दोन्ही यंत्रं लावून दिली. स्पंजच्या गोळ्याकडं बोट दाखवून म्हटलं, "चाचा, हा याचा कान. तुमाले जे ऐकू येते ते यालेही ऐकू येते."

"अच्छा! कान हाय?" चाचा लय खूष झाले.

संध्याकाळी आकडे लॅपटॉपवर उतरवले आणि दोनदा तपासून पाहिले. टिन ठोकणारा माणूस, आणि आवाज राजापेठेतल्या ट्यूशन क्लाससमोरच्यापेक्षा कमी! अतिनीलचं तर विचारूच नका, जसा काही बिल्ला दिवसभर कपाटात होता. मले वाटलं, यंत्रं बिघडली. हातात फक्त शुक्रवार उरला होता.

शुक्रवारी सकाळी परत यंत्रं लावून दिली आणि या वेळी घरी न जाता समोरच्या पानठेल्याजवळ थांबली. चाचानं खिशातून कापसाचा बोळा काढला. त्यांच्या साल्याचं बाळापूरले वावर आहे, तिथला कापूस. थोडा डाव्या कानात घातला, थोडा उजव्या. मग तिसरी चिमूट घेतली आणि एवढ्या मायेनं, एवढ्या मायेनं, स्पंजच्या गोळ्याभोवती दाबून बसवली! वरून चार पदरी दुपट्टा डोक्यावरून खांद्यावर. बिल्ला त्याच्याखाली गायब.

मी धावतच गेली. "चाचा, हे काय करून राहिले तुमी?"

"काहून? तूच म्हणे ना, त्याचा कान हाय. एवढा नाजूक कान, फुटला तं? अन् त्या बिल्ल्याले ऊन लागलं तं मॅडम तुलेच बोलतीन."

"पण त्याले ऊन लागलंच पायजे चाचा! मोजन कसा तो?"

हातोडा खाली ठेवून चाचा माझ्याकडं पाहतच राहिले. "मतलब त्याले तकलीफ देऊन मोजता तुमी? अजब पढाई हाय बेटा तुमची."

पानठेलेवाला मधातच बोलला, "अमरावतीचं यंत्र हाय चाचा. अकोल्याचं ऊन त्याले कुठं झेपते!"

मले हसू का रडू कळेना. मॅडमले फोन लावला. सगळं ऐकून त्या अशा हसल्या की मले फोन कानापासून दूर धरावा लागला. म्हणे, "गुरुवारचे आकडे खोडू नको! बिल्ला दुपट्ट्याच्या आत होता ना? आज वर लाव. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी मांडू. आपण माणसाच्या अंगावरचं ऊन मोजत होतो, आणि तो माणूस ते ऊन कसं अडवतो हे विचारलंच नव्हतं." आवाजाचं मात्र गुरुवारचं धरता येणार नाही म्हणाल्या. यंत्रावरचा कापूस आणि कानातला कापूस एक नाही.

मग शुक्रवारी बिल्ला दुपट्ट्यावर टाचला आणि गोळा उघडा ठेवला. चाचा मनातून नाराजच होते. दर थोड्या वेळानं खांद्याकडं पाहायचे, जसं लहान पोराले उन्हात उभं केलं आहे.

संध्याकाळी तिथंच फुटपाथवर लॅपटॉप उघडला. आवाजाची रेघ अशी वर चढली होती की मी ओरडलीच. झालं! प्रोजेक्ट वाचला!

चाचानं वाकून ती रेघ पाहिली. हसले नाही. "एवढं? हे मी रोज ऐकतो?"

"हो चाचा. कापसानं भागत नाही याले. कानाले लावायचे जाड मफ येतात, मी आणून देते."

"आण," म्हणाले. बस, एवढंच.

मी यंत्रं डब्यात घालायले गेली तर त्यांनी हात आडवा केला. दुपट्ट्याच्या टोकानं बिल्ला पुसला, गोळा पुसला, आणि दोन्ही यंत्रं नव्या कूलरसमोर सावलीत ठेवून पंखा सुरू केला.

"पाच मिनिट थांब बेटा. आज लय सोसलं बिचाऱ्यांनी."