बुडावरची खडूची रेघ

माझ्या मोठ्या नणंदेला हॉटेलात सगळे ‘थांबाबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. हॉटेलच्या तळघरात लाल वाईनच्या जुन्या बाटल्या आडव्या रचून ठेवलेल्या असतात. त्यातली कुठली कधी प्यायच्या लायकीची झाली, हे ठरवायचं काम गेली सव्वीस वर्षं वन्संकडे आहे. कुणी विचारलं, झाली का, की त्यांचं उत्तर ठरलेलं: थांबा.

हॉटेलात त्या कामाला लागल्या होत्या बाटल्या धुवायला. एकदा रिकाम्या बाटलीचा वास घेऊन म्हणाल्या, “ही उघडायची घाई केलीत.” मालकांनी दुसऱ्याच दिवशी हातातला ब्रश काढून घेतला आणि तळघराची किल्ली दिली. त्या नाकाचा घरात जाच मला. सुगंधी साबण बंद. दूध नासणार हे त्यांना दारातून कळतं, आणि ते मला आधी कळायला हवं होतं, हेही त्या दारातूनच सांगतात.

दरवर्षी प्रत्येक साठ्यातली एक बाटली त्या उघडतात. पांढऱ्या कापडावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघतात. जांभळट असेल तर कच्ची, विटेच्या रंगावर आली की जवळ आली. घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. संध्याकाळी त्या सांगतात आणि मी वहीत लिहिते, कारण कॉलेजात जाऊन मी निदान अक्षर तरी चांगलं कमावलं, असं त्यांचं मत.

“सोळा नंबर. अजून मूठ आवळलेली.”

“म्हणजे नेमकं काय लिहू?”

“हेच लिही. मी वाचणार आहे, तुझे प्राध्यापक नाहीत.”

सोळा नंबरच्या अठ्ठेचाळीस मोठ्या बाटल्या उरल्या होत्या, शिवाय त्याच वाईनच्या काही अर्ध्या, म्हणजे निम्म्या मापाच्या, बाटल्या. चौदा वर्षांपूर्वी वन्संनी स्वतः रचलेल्या. तयार व्हायला आणखी दोन वर्षं, आणि वन्संची निवृत्तीही दोन वर्षांनीच. “सोळा नंबर वर पाठवीन आणि किल्ली ठेवीन,” हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

गेल्या महिन्यात त्यांना सर्दी झाली. सर्दीत त्या कामावर जात नाहीत. नाकच बंद तर जाऊन करायचं काय? पाचव्या दिवशी निघाल्या, पण अंगात कणकण होती, म्हणून मी सोबत गेले. तळघराचा दिवा लावला आणि वन्सं जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तिथला नियम असा, की वन्संनी बुडावर खडूची रेघ मारल्याशिवाय बाटली वर जात नाही. सोळा नंबरच्या छत्तीस बाटल्यांवर रेघा होत्या.

मॅनेजर, म्हणजे मालकांचे जावई, मागोमाग आलेच. “दुपारी डॉक्टरांच्या परिषदेचं जेवण आहे, बाई. तुमचा वेळ वाचवला.”

“माझी रेघ खालून वर चढते, साहेब. ही वरून उतरलीय.”

“रेघ ती रेघ. मी स्वतः चाखली. लोण्यासारखी मऊ लागली.”

“कुठली चाखलीत?”

त्यांनी कोपऱ्यातली रिकामी अर्धी बाटली दाखवली. वन्संचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. मला तोच आवाज घाबरवतो.

“लहान बाटलीतली लवकर पिकते. छोट्या पातेल्यातलं दूध उतू गेलं, म्हणून मोठं गॅसवरून उतरवतात का?”

“बाई, वाईन तीच, वर्ष तेच, पिंपसुद्धा तेच.”

वन्संनी छत्तीसातली एक घेऊन बूच काढलं आणि ग्लास पुढे केला. जावईबापूंनी घोट घेतला. कच्च्या वाईनने जीभ टाळूला चिकटली असावी, कारण तोंड वेडंवाकडं झालं.

“पाहुण्यांना काय कळतंय,” ते म्हणाले.

वन्संनी फडकं ओलं केलं आणि उरलेल्या पस्तीसही बाटल्यांची बुडं एकेक करून पुसली. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. “न्या आता. हॉटेल तुमचं आहे. पण कुणी विचारलं तर ‘मी ठरवलं’ असं तुम्ही सांगा. माझं नाव घ्यायचं नाही.”

जेवणाच्या वेळी आम्ही दोघी वाढपाच्या खोलीत होतो. ग्लास भरलेले गेले आणि जवळजवळ भरलेलेच परत आले. एक म्हातारे डॉक्टर हातात बाटली घेऊन थेट आत आले. “ही तयार आहे, असं कुणी ठरवलं?”

त्यांच्या मागून जावईबापू हसत म्हणाले, “आमच्या या बाई. सव्वीस वर्षांचा अनुभव.”

माझ्याच कानांच्या पाळ्या तापल्या. वन्संनी डॉक्टरांच्या हातातून बाटली घेतली, दिव्याखाली उंच धरली. “डॉक्टर, बूड बघा. मी ठरवलेल्या बाटलीला इथे खडूची रेघ असते. हिला आहे?”

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं, मग जावईबापूंकडे पाहिलं. “उघडल्या नसतील तेवढ्या परत खाली ठेवा,” ते म्हणाले. “आम्हाला पाणी चालेल.”

एकवीस परत आल्या. वन्संनी त्या स्वतः रचल्या आणि त्या दिवशी किल्ली तळघराच्या खिळ्याला न लावता पर्समध्ये टाकली. घरी येऊन माझ्यासमोर वही आपटली.

“लिही. सोळा नंबर. पंधरा झोपेतून उठवल्या. तेहतीस शिल्लक.”

“कुणी उठवल्या, तेही लिहू?”

“आधी तेच लिही.”

मी लिहायला लागले. वन्सं वाकून बघत होत्या.

“अगं, हळू. कागद फाटेल.”

“फाटू दे,” मी म्हटलं.