उद्घाटनाचा दुसरा चेंडू

मंडळी, दुपारपासून घास गिळवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आज सकाळी बारामतीत क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन होतं. एका पुढाऱ्यानं बॅट धरायची आणि पहिला चेंडू मी टाकायचा, असं ठरलं होतं. माझं वय अठ्ठ्याऐंशी. चेंडू तिथवर पोचेल का, या काळजीनं आठ दिवस अंगणात मोसंबी टाकून सराव केला.

चेंडू पोचला. नुसता पोचला नाही, टप्पा पडून आत वळला आणि मधला स्टंप आडवा झाला.

एकानंही टाळी वाजवली नाही. संयोजक माइकवर ओरडला, "नो बॉल! नो बॉल!" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आबा, काय करताय? फोटो काढायचाय सायबांचा. जरा हळू टाका की."

"हळूच टाकला व्हता रं."

स्टंप पुन्हा उभा केला. मी लहान पोराला टाकतात तसा दुसरा चेंडू टाकला. पुढाऱ्यानं चौकार मारला, हलगी वाजली, मला शाल मिळाली.

पन्नासच्या दशकात इंदापूरकडच्या एका कारखान्यानं मला मध्यमगती गोलंदाज म्हणूनच नोकरीवर ठेवलं होतं. सामन्यात मी भल्याभल्यांच्या दांड्या उडवल्या. पण मोठे साहेब सरावाला आले की त्यांना बाद करायचं नाही, हे न सांगता कळायचं. घरची चूल त्यावर पेटत होती.

आज माझी कुठली नोकरी जाणार होती? तरी हात आपोआप ढिला पडला. पुढाऱ्याची नाही, मला माझ्याच हाताची किळस येते आहे.

तुम्ही असता तर तो दुसरा चेंडू टाकला असता का? खरं सांगा.