खरं सांगायची नोकरी

बायको जाऊन दीड वर्ष झालं. अजून दुपारी चहा उकळायला लागला की मागून आवाज येतो, "आवं, मी जगते का न्हाई?" वळून बघतो, कुणी नसतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण ऐकू येतं ते येतंच.

हे तिनं खरंच विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो.

मी सातवी नापास. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात जन्म गेला. एकुलत्या पोरीनं एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा यार्डातला सोबती म्हणाला, "गड्या, ते शिकून काय हुतं रं? पोरगी मठात बसनार का?" लाजेनं मी पावण्यांना सांगत सुटलो, इंग्लिश घेतलंय म्हणून. साताऱ्याकडनं एक स्थळ आलं, तर त्यांच्यापुढं पोरगीच म्हणाली, "इंग्लिश नाही, तत्त्वज्ञान." पावणं चहा पिऊन गेलं ते गेलंच.

बायकोला अक्षर येत नव्हतं, पण पोरगी मोठ्यानं वाचायला लागली की ही भाकरी थापता थापता विचारायची, "माणूस रोज बदलतंय म्हंतीस, मग काल तुज्या बापावर रुसली ती मीच का दुसरी कोन?" दोघी लय हसायच्या. मी बाहेर जाऊन बसायचो.

पोरीच्या बरोबरची कुणी स्पर्धा परीक्षेला बसली, कुणी कॉलेजात तासावर शिकवायला लागली. हिला एका मोठ्या दवाखान्यात घेतलं. जे वाचणार नाहीत त्यांच्याजवळ, त्यांच्या घरच्यांजवळ बसायचं, डॉक्टर काय म्हणतात ते खरं खरं सांगायचं, पुढं काय करायचं त्याचा त्यांच्याबरोबर विचार करायचा.

मी म्हणालो, "नुसतं बोलायचा पगार देत्यात व्हय?"

"तुमी फुकट बोलता, आण्णा, म्हणून सगळ्यांनी फुकट बोलायचं का?"

मग बायकोच्या पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. आमच्यात आजाऱ्याला सांगत नाहीत. गाठ हाय, औषधानं विरघळंल, एवढंच. येणाऱ्या जाणाऱ्याला मी दारातच तंबी द्यायचो. पोरीला म्हणालो, "तुजं शिक्षान दवाखान्यात ठिव. घरात शब्द काडलास तर बघ."

"आण्णा, जीव तिचा हाय. तिला काय बोलायचं असंल."

"मी नवरा हाय तिचा."

ती उठून आईजवळ जाऊन बसली. मला वाटलं, ऐकलं.

एका दुपारी बायकोला उशीला टेकवून मी चमच्यानं चहा पाजत होतो. तेव्हा तिनं ते विचारलं. मी म्हणालो, "काय बोलतीस! फुडच्या म्हयन्यात पाटनला जायाचंय तुज्या माहेरी." तिनं माझ्याकडं लय वेळ बघितलं. "बरं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. नवव्या दिवशी गेली.

तेरावं झाल्यावर पोरीनं सांगितलं, "आईनं मला आधीच विचारलं होतं. मी खोटं बोलले नाही."

माझा हात उठला. तसाच खाली घेतला.

"मग मला कशाला इचारलं तिनं?"

"तुमी खरं सांगाल, मग तुमच्याशी बोलता येईल म्हणून. तिला तुमाला काहीतरी सांगायचं होतं. त्या दुपारी मी मुद्दाम बाहेर थांबले होते."

"काय सांगायचं हुतं?"

"ते मला नाही सांगितलं. म्हणाली, त्यांचं हाय, त्यांनाच सांगीन."

तेव्हापासून मी त्याच शब्दांपाशी अडकलोय. शिवी द्यायची होती? कुठल्या जुन्या गोष्टीची माफी? का नुसतं, सदरा धुवत जावा, एवढंच? चाळीस वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नव्हतं, तुला काय म्हणायचंय.

परवा पोरगी जेवायला आली होती. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "काय तरी सांग की गं. सुखात ऱ्हावा म्हनाली, असं सांग. मी मानीन."

तिचे डोळे भरले. पण म्हणाली, "मला ठाऊक न्हाई, आण्णा."