उन्हात वाळवा

नवरा गेल्यावर सासरच्यांनी हात झटकले, म्हणून मी शिवण शिकले आणि रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. लग्नाच्या वयाचा कायदा तेव्हा व्हायचा होता. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलींची लग्नं झालेली होती. न्हाण आलं की सासरी जायचं, एवढाच काय तो अवकाश.

झबली-टोपडी शिवून झाली की मी दार लावून घेई आणि मोठ्या मुलींना महिन्याच्या चार दिवसांसाठी घड्या शिवायला शिकवी. जुन्या लुगड्याचे तुकडे एकावर एक ठेवायचे, कडेने धावदोरा घालायचा आणि कमरेच्या दोरीला बांधायला दोन्ही टोकांना नाड्या लावायच्या. मुली आधी खुदुखुदु हसत, मग माना खाली घालत. त्यांच्या आया राख भरलेल्या चिंध्यांवर भागवत. मला वाटे, केवढं मोठं काम करतेय मी! मिजास जरा जास्तच होती.

एक कुणब्याची मुलगी होती, तेरा वर्षांची. तिचा टाका पाहून मलाही हेवा वाटे. एक दिवस सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली.

"बाई, माजं चालू झालं. आयेला सांगू नका. सासू कापनीला न्यायला टपलीच हाय."

तिला सातवी पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं. परीक्षा होईपर्यंत लपवायचं, असं आमचं ठरलं. मी माझं एक जुनं लुगडं फाडलं आणि तिने त्याच्या सहा घड्या शिवल्या.

पावसाळाभर कुणाला पत्ता लागला नाही. पण घड्या ती भाताच्या कणगीमागे वाळत टाकी. त्या वाळतात कसल्या, नुसत्या कुबट होत. तिच्या मांड्यांना फोड आले, चालवेना. मी तिच्यावर तोंड सोडलं, "किती वेळा सांगू? ऊन दाखवल्याशिवाय घडी वापरायची नाही!" मी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं, तेच अजून टोचतं.

आश्विनात ऊन पडलं. तिने गावावरच्या कातळाच्या माळावर, सड्यावर, करवंदीच्या जाळीमागे घड्या पसरल्या, आणि नेमकी त्याच बाजूला तिची आई गवत कापायला गेली.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नारळ घेऊन हसत शाळेत आली. "बाई, पोर न्हातीधुती झाली. शिवन बी तुमी झ्याक शिकवलंव." मुलगी तिच्यामागे उभी होती. तिने वर पाहिलं नाही. मी नारळ घेतला. दुसरं काय करणार होते? कापणीच्या आत तिला सासरी नेलं.

पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या. एकीने विचारलं, "बाई, घड्या वाळवायच्या कुठं?"

"कुणाला दिसणार नाही तिथे," मी म्हणाले. आणि फोडांना लावायला खोबरेलाची बाटली वर्गाच्या फडताळात आणून ठेवली.