रुंद पानांची पिल्लं

केवळाबाईचा नवरा वारला तेव्हा लेक पुनम दोन वर्षांची होती. तेराव्याचं जेवण उरकलं अन् धाकट्या दिरानं, दगडोबानं, मायलेकींचं गाठोडं ओसरीवर आणून ठेवलं. "पोरीच्या जातीला जमिनीत वाटा कशाला, वहिनी? माहेरी सुखानं ऱ्हावा."

चाकूरकडच्या सासरहून ती अर्धापूरला भावाच्या केळीच्या बागेत आली. सुख काही भेटलं नाही, पहार भेटली. सोळा वर्षांत तिच्यासारखं मुनवे काढणारं पंचक्रोशीत कुणी उरलं नाही. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. माती हलक्या हातानं उकरायची, पिल्लू आईला, म्हणजे मूळ झाडाला, चिकटलंय ती जागा नीट बघायची, मग एकच घाव. हात चुकला तर आईचा मातीतला गड्डा सडतो, अन् ती घडासकट आडवी होते.

दगडोबाच्या रानात बोअरला पाणी लागलं, त्यानं पहिल्यांदाच केळी लावली. झाडं निसवली, घड बाहेर पडले, बुडाशी पिल्लांचं रान माजलं, अन् गावात त्यातलं कुणाला काही कळेना. तेव्हा त्याला वहिनी आठवली. फोनवर असा गोड बोलला की विचारू नका.

"जाऊ नगस," भावजय उमाबाई म्हणाली.

"जाते की. सोळा वर्सं वाटच बघून राहिले."

दगडोबाच्या रानात पाचशे झाडं होती. पहिल्याच झाडाशी पहार उगारली अन् मनात आलं, गड्डाच फोडावा. पण झाडानं तिचं काय वाकडं केलं होतं? तिनं पहार खाली केली, माती उकरली.

दगडोबा बांधावरून ओरडला, "आईला धक्का लागू देऊ नका! अन् फुडल्या पिकाला एकेक पिल्लू ठेवा. ते रुंद पानांचं, गुबगुबीत ठेवा. ती तलवारीवानी बारक्या पानांची उपाशी दिसून राहिलीत, फेका तिकडं."

केवळाबाईचा हात थांबला. गुबगुबीत पिल्लू नुसतं दिसायला. घड धरायची वेळ आली की मान टाकतं. तलवारीच्या पानांचंच खरं. अर्धापूरचं शेंबडं पोरही सांगेल. शब्द ओठावर आले होते.

"बघता काय? मालक मी हाय का तुमी?"

"तुमीच, भावजी," ती म्हणाली. "तुमी म्हणाल तसं."

तीन दिवसांत बाग साफ झाली. एकाही आईला ओरखडा नाही, प्रत्येकीच्या कुशीत एक गुबगुबीत पिल्लू. तलवारी पिल्लं बांधावर उन्हात वाळत पडली. तिनं चहा पिऊन बस पकडली. वाटभर एकटीच हसत होती, कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या वर्षी दगडोबाच्या बागेत घड कसले, मुठीएवढे झुपके आले. तो घामाघूम होऊन अर्धापूरला हजर.

"वहिनी, ठावं व्हतं तर बोलल्या का न्हाई?"

"मालक बोलत व्हते. मधी कसं बोलावं?"

"चुकलं. आता तुमचे तलवारी मुनवे द्या, नव्यानं लावतो."

अंगणात सकाळीच काढलेल्या तलवारी मुनव्यांचा ढीग होता. केवळाबाईनं विळा घेतला. एक मुनवा उचलला, चराचरा चिरला अन् म्हशीपुढं टाकला. मग दुसरा.

"अवो, काय करून राहिल्या! पाया पडतो!"

"नका पडू. चिखल लई हाय."

ढीग संपेपर्यंत तो उभाच होता. मग गेला, कुणी पाणीही विचारलं नाही.

"पाप लागंल गं," उमाबाई कुजबुजली.

"लागू दे," केवळाबाई म्हणाली अन् विळा पुसून ठेवला. "पहिल्यांदा त्याला दारात उभं केलंय. दोन दिस तरी गोड लागू दे."