साडेनऊ इंचांची पायरी

आमच्या भावोजींनी आयुष्यात एकदाच खोटं माप सांगितलं. आता ताई आणि ते, दोघंही नाहीत, म्हणून बोलायला हरकत नाही. त्यांच्या हयातीत हा विषय काढायची माझी टाप नव्हती, आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे.

भावोजी सुतार. आमच्याकडे कपाट दुरुस्त करायला आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. चार दिवसांचं काम त्यांनी महिनाभर पुरवलं. दारं नीट लागत नाहीत म्हणे! दारं केव्हाच लागत होती, मी स्वतः लावून पाहिली होती. पण ताई चहा घेऊन गेली की यांच्या कानामागची पेन्सिल हटकून खाली पडायची. शेवटी बाबाच म्हणाले, "कपाटाचं राहू दे, आता मुलीचं काय ते बोला."

तो एक महिना सोडला तर माणूस कामाला आणि मापाला पक्का. आपण 'जरासं' म्हणतो तिथे ते 'दोन सूत' म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लग्नानंतर पहिलं काम काय केलं, तर ताईला स्वयंपाकघरात उभं करून तिच्या कोपराची उंची मोजली आणि त्या हिशेबाने तिचं टेबल बनवलं. मला त्या टेबलाशी वाकून उभं राहावं लागायचं. ताईची पाठ दुखल्याचं मात्र मला आठवत नाही. मी सुट्टीत जायची ती त्या घराच्या वासासाठी. ताज्या लाकडाचा, सरसाचा आणि वरून येणाऱ्या फोडणीचा असा मिळून एक वास होता. तो मला पुन्हा कुठेच मिळालेला नाही, आणि कधीकधी त्यासाठी जीव तुटतो.

चुकले ते जिन्यात. खाली दुकान, वर घर. दुकानाची जागा खाऊ नये म्हणून त्यांनी तरुणपणी जिना अगदी उभा केला. चौदा पायऱ्या, एकेक साडेनऊ इंच उंच. जिना कसला, शिडीच ती. तेव्हा ताई चोवीसची होती, तिला काय! भरल्या कपबशा घेऊन धडाधड उतरायची. "भावोजी, तुमच्याकडे यायचं तर आधी तालीम करावी लागते," असं मी म्हटलं की ते हसायचे आणि म्हणायचे, "जागा वाचली ना पण."

सहासष्टाव्या वर्षी ताई त्याच जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भावोजी दहा फुटांवर होते, पण मशीनची करवत चालू होती. तिच्या हाका त्यांना ऐकू गेल्या नाहीत. करवत थांबवल्यावर ऐकू आल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना स्वच्छ रंधा पुन्हापुन्हा पुसत होते.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "डिस्चार्ज देतोय, पण घरी नाही न्यायचं. आधी पुनर्वसन केंद्रात. तिथे पुन्हा चालायला शिकवतील." मग हळूच पुढचं सांगितलं. सहा आठवड्यांत घरच्यासारख्या पायऱ्या चढता आल्या तर घरी. नाहीतर केंद्राच्या मागच्या इमारतीत, जिथे माणसं कायमची राहतात. दुकानातच खाट टाकावी, तर तिथे ना नळ ना मोरी, नुसता भुसा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मूलबाळ त्यांना नव्हतं. शेपटासारखी मागे लागलेली मीच काय ती होते.

केंद्रासाठी एक फॉर्म भरायचा होता. घरात पायऱ्या किती, उंची किती, दार किती रुंद. मी म्हटलं, "घ्या, तुमच्या आवडीचा पेपर आला." भावोजी हसले नाहीत. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग एका झटक्यात भरून मोकळे झाले.

केंद्रात पोचल्यावर त्यांनी आधी ताईची खाट हलवून पाहिली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि मग शेजारच्या दोन बायकांच्या खाटाही ठीक केल्या. ताई म्हणाली, "अहो, मला भेटायला आलात की खाटांना?" रोज दहाला यायचे ते पाचला जायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी मोठी कडक, ताई तिला मास्तरीणबाई म्हणायची. तिचा नियम एकच, पेशंटला हात लावायचा नाही. ताईने वॉकर उचलला की यांचे दोन्ही हात पुढे यायचे. "आजोबा, हात!" अशी हाक आली की हे हात पाठीमागे बांधायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

तिसऱ्या आठवड्यात ताई सरावाच्या पायऱ्या चढली. कठड्याला धरून, ओठ चावत, पण चढली. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "छान! आता शनिवारी घरी."

मी तर उडीच मारली. भावोजी जमिनीकडे बघत होते. आणि ताईही हसली नाही.

"या आमच्या पायऱ्या नव्हेत," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं चढलेय मी. पायाला कळतं. अहो, किती लिहिलंत तुम्ही?"

"सात."

"आणि आहे किती?"

"साडेनऊ," भावोजी म्हणाले. आवाज असा की शेजारी उभी असून मला जेमतेम ऐकू आला. "खरं लिहिलं असतं तर तुला मागच्या इमारतीत टाकलं असतं गं."

मास्तरीणबाईंनी साडेनऊ इंच भरेपर्यंत पायरीवर फळ्या चढवल्या. ताईचा पाय अर्ध्यावर गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. शनिवार रद्द झाला.

भावोजी गेल्यावर मी ताईला झाडलं. "हात दाखवून अवलक्षण! गप्प बसली असतीस तर घरी गेली असतीस."

"घरी जाऊन परत पडले असते तर?" ताई म्हणाली. "त्यांनी ते कसं सोसलं असतं? पहिलंच अजून सोसवत नाहीये त्यांना."

मी चक्क माझे शब्द मागे घेतले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन करून एवढंच म्हणाले, "काम आहे." ताई दाराकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी मी दोन शब्द सुनावायचे ठरवून तरातरा घरी गेले.

जिना नव्हता. भिंतीवर त्याची तिरपी खूण होती आणि वर जायला शिडी लावली होती. दुकानाच्या मधोमध भावोजी दोन जुन्या कारागिरांबरोबर घामाघूम उभे. नवा जिना एकोणीस पायऱ्यांचा, सात इंचांचा, आणि जागा एवढी खाणार की करवतीचं मशीन दारात काढून ठेवलं होतं. ज्या बाकावर त्यांनी उभा जन्म काम केलं, ते सागवानी बाकही सुटं केलेलं. त्याच्या जाड फळ्यांच्या पायऱ्या निघत होत्या.

"भावोजी, मग दुकान?"

"झालं की आता पुष्कळ," ते म्हणाले. "तू तिथे सांग, फॉर्मवरचं माप बरोबर आहे. तीन आठवड्यांत बरोबर होईल."

मी सुनावायला गेले होते. भुशात बसून रडून आले.

सहावा आठवडा संपला तेव्हा मास्तरीणबाई स्वतः टेप घेऊन घरी आल्या आणि त्यांनी एकूण एक पायरी मोजली. मग ताईला आत आणलं. तिने जिना पाहिला, रिकामं दुकान पाहिलं, पायरीवरच्या पटाशीच्या जुन्या खुणांवरून हात फिरवला. तिला सगळं कळलं. कठडा धरून ती चढायला लागली. दहाव्या पायरीवर दम लागला म्हणून थांबली आणि खाली बघत म्हणाली, "अहो, एवढा रुंद कशाला केलात? अडीच फुटांत भागलं असतं. तुमचं बाक तरी अर्धं राहिलं असतं."

भावोजी तिच्या बाजूच्या पायरीवर होते, हात पाठीमागे बांधून.

"चढताना शेजारी माणूस लागेल म्हणाल्या त्या," ते म्हणाले. "त्याचं माप मी माझं धरलं."