अळतेकर बाईंची गाठ

दुपारी अडीचला मी जरा पाठ टेकते. चार वाजता हेमाचा फोन यायचा आहे, झोप लागून चालणार नाही, असं स्वतःला बजावत मी डोळे मिटते. उशाशी मोबाइल आहे, हातात कागद आहे आणि कागदावर नऊ प्रश्न. पंख्याचा आवाज लांब लांब जायला लागतो आणि कागद कुणीतरी हलकेच माझ्या हातातून काढून घेतं.

"नऊ?" अळतेकर बाई म्हणतात. "दहा मिनिटांत नऊ प्रश्न? अगं उज्ज्वला, बहिणीशी बोलायचंय की तिची उलटतपासणी घ्यायचीय?"

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. ते मला इथेही पक्कं माहीत आहे, तरी नवल असं वाटत नाही. त्या समाजशास्त्र विभागातल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आहेत, चष्मा कपाळावर, आणि खिडकीबाहेर विद्यापीठाच्या मैदानाऐवजी आमची गच्ची दिसते आहे. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काम केलं. माणसं एखाद्या गुरूच्या गोतावळ्यात कशी ओढली जातात आणि पुढे दार उघडं असूनही त्यांचा पाय का निघत नाही, हा बाईंचा जन्मभराचा अभ्यास. त्यांच्या प्रश्नावलीत चाळीस प्रश्न होते आणि एकातही गुरूचा उल्लेख नव्हता. सकाळी कोण उठवतं? मोबाइल कुणाच्या कपाटात असतो? एकटीनं बसून चहा शेवटचा कधी घेतलात? एवढंच. माणूस उत्तरं देता देता आपलं आपणच थबकायचं.

"बाई, आज हेमाचा फोन आहे," मी म्हणते.

"ठाऊक आहे. मेले आहे मी, बहिरी झालेली नाही."

मी हसते आणि हसता हसता रडू येतं. हेमा माझी धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून ती एका गुरूच्या आश्रमात राहायला गेली. आश्रमाला ते लोक 'परिवार' म्हणतात. तिथे तिला नवीन नाव आहे. महिन्यातून एकदा दहा मिनिटं फोन, तोही स्पीकरवर, शेजारी आश्रमातली एक ताई बसलेली. मागे मी भेटायला गेले तेव्हा वाद झाला, त्यानंतर तीन महिने तेही बंद होतं. पुन्हा वाद झाला तर तिला लांबच्या केंद्रात पाठवू, असं मला सरळ सांगण्यात आलं आहे. तिथे फोनच नाही.

"चल, दाखव काय केलंस ते," बाई उठतात.

विभागाचा जिना उतरावा तर खाली आश्रमाची भेटीची खोली आहे. बाकं मात्र आमच्या वर्गातली, कुणीतरी कर्कटकानं नावं कोरलेली. समोर पांढऱ्या साडीत हेमा बसली आहे. माझ्या हातात त्या भेटीत नेलेली फाइल आहे. बातम्या, तक्रारी, बाहेर पडलेल्यांचे जबाब.

"किती पानं?" बाई माझ्या कानाशी विचारतात.

"एकशे चाळीस."

"तुझा प्रबंधसुद्धा एवढा नीट लावलेला नव्हता."

मला शरम वाटते. अकरा वर्षं मी हेच शिकले होते आणि स्वतःच्या बहिणीसमोर पाच मिनिटांत सगळं विसरले. तुझा गुरू भोंदू आहे, तुला कळत कसं नाही, घरी कधी येणार, हे सगळं एका दमात. हेमानं फाइल उघडलीसुद्धा नाही. ती फक्त शेजारच्या ताईकडे बघत राहिली.

"तू तिला मूर्ख ठरवलंस," बाई म्हणतात. आवाजात राग नाही. "आई गेल्यावर तिला कुणीतरी जवळ हवं होतं. ते लोक आले. तू तेव्हा कुठे होतीस?"

"तुमच्याबरोबर. कराडला. मुलाखती घेत."

"हो ना. माझीही चूक आहेच त्यात."

बाईंसारखी विद्वान माणसं मी फार पाहिली नाहीत, पण आपली चूक इतक्या सहज पदरात घेणारी तर एकही नाही. आणि पदरावरून मला ती कराडची मुलाखत आठवते. बाईंची एक सवय होती. मुलाखतीला जाताना जो प्रश्न अगदी ओठावर असायचा, त्याच्या नावानं त्या पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. समोरचं माणूस आपणहून त्या विषयावर येईपर्यंत गाठ सोडायची नाही. कराडला ज्या बाईंची मुलाखत घ्यायची होती, त्यांच्यासाठी मारलेली गाठ तीन वर्षं राहिली. ती साडी धुतली जायची, गाठ सांभाळून इस्त्री व्हायची. तिसऱ्या वर्षी भाजी निवडताना त्या बाई एकदम म्हणाल्या, "माझ्या मुलीला त्यांनी दुसऱ्या गावाला ठेवलंय. मला पत्ता सांगत नाहीत." अळतेकर बाईंनी आधी गाठ सोडली आणि मग वही उघडली.

आता आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात आहोत. ओट्यावर विभागातल्या फायली आहेत, कढईत मेतकुटाच्या डाळी भाजल्या जात आहेत आणि बाई झारा हलवत आहेत.

"तिथे हेमाला कुणी काही विचारत नाही," त्या म्हणतात. "उत्तरं तयारच असतात. तू असं काही विचार, जे फक्त तिलाच माहीत आहे."

"मग घरी कधी येणार, ते?"

"ते इकडे दे." त्या माझ्या ओढणीचं टोक ओढून घेतात. त्यांची बोटं गार आहेत. "बाई, थांबा ना," मी म्हणते. "तुमच्याशिवाय मला नाही जमणार."

"मला तरी कुठे जमायचं? म्हणून तर गाठ मारायचे."

फोन वाजतो आहे. मी धडपडून उठते. चार वाजून एक मिनिट.

"जय गुरुदेव, ताई," हेमाचा आवाज येतो, पाठ केल्यासारखा. शेजारी कुणीतरी खाकरतं. नऊ प्रश्नांचा कागद पलंगाखाली गेला आहे आणि मी ओढणी सावरायला जाते तर बोटांना गाठ लागते. घट्ट, पदराला मारावी तशी, अगदी टोकाला. झोपण्याआधी ती नव्हती. मी ती मुठीत धरते.

"हेमा, आईसारखं मेतकूट करायला घेतलं, दरवेळी कडू होतं गं. काय चुकत असेल?"

शेजारचं माणूस पुन्हा खाकरतं.

"मेथीदाणे आधी घालतेस का तू?" हेमा विचारते. हा आवाज मी चार वर्षांत ऐकलेला नाही. "गॅस बंद करायचा. मग तापल्या कढईत टाकायचे. आईनं मलाच दाखवलं होतं, तू परीक्षेत होतीस."

"बरं. करून बघते."

"ताई," ती थांबते. "माझ्या खोलीत कोण झोपतं आता?"

'घरी कधी येणार?' अगदी ओठावर येतं. मी गाठ आवळून धरते.

"कुणी नाही. तुझीच चादर आहे. निळी."

दहा मिनिटं संपतात. संध्याकाळी मी ओढणी धुऊन वाळत घालते, गाठ न सोडता.